न फुटणारी काच

बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्याची दर्शनी बाजू पूर्वी काचेची होती. गल्लीतल्या पोरांच्या चेंडूनं ती दोनदा फुटली. दुसऱ्यांदा तुकडे वडिलांच्या खुर्चीपर्यंत आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्या काचा काढून मी पारदर्शक प्लास्टिकच्या शीट बसवून घेतल्या. "हथौड़ा मारो भैया, टूटेगा नहीं," बसवणारा म्हणाला. मी खरंच हातोडा मारून पाहिला. नाही फुटली.

गुडघ्यांमुळे वडिलांना जिना बंद झालेला. ती दर्शनी बाजू हेच त्यांचं गाव. समोरच्या दुकानातला त्यांचा मित्र रोज हात वर करायचा, हेही करायचे. काच कंदिलाची असो की कपाटाची, राखेनंच घासायची, ही त्यांची जुनी शिस्त. बंबातली राख चिंधीवर घेऊन ते रोज सकाळी खुर्चीतूनच शीट घासत बसायचे. एवढंच काम हाती उरलंय म्हणायचे, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही.

पुढे शीट धुरकट झाली. स्वस्तातला माल, म्हणून मी बसवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. वडील मात्र गप्प होत गेले. मित्रानं हात केला तरी यांचा हात वर जाईना.

एका रविवारी म्हणाले, "बेटा, एक डाव राजघाटावर ने ना मला. तापी पाहून घेतो."

"आणि जिना कसा उतरणार?" मी खेकसलो.

"उचलून ने. दूरचं नाही दिसत रे आता. जवळचं बाकी आहे, तेही जाईल. मग काय पाहू?"

मी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं.

घाटावर पोचल्यावर त्यांनी नदीवरून नजर फिरवली. मग पलीकडच्या काठाकडे बोट करून म्हणाले, "ती बाई लाल लुगडं वाळत घालते ना?"

घालत होती.

"अन् बाजूला बकरी?"

बकरीही होती. क्षणभर मला काहीच कळेना. कळलं तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांचे डोळे शाबूत होते. राखेनं ओरखडून आंधळी झाली होती ती शीट. मी तसं सांगितलं, तर त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा नदीकडे.

परतताना त्यांनी रिक्षा मित्राच्या दुकानापुढेच थांबवायला लावली.

"तुझा हात दिसत नव्हता रे मला," ते म्हणाले.

"मी समजलो, तू रुसला," मित्र म्हणाला.

दोघांमध्ये हातभरही अंतर नव्हतं, तरी वडिलांनी हात वर केला.