कात्री लागलेलं नाव

आमच्या लालबागचे सहदेव राणे जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. गोव्याच्या मास्तरांनी त्यांना कुणा युरोपियन संगीतकाराची छापील नोटेशनं दिली होती. त्यातली एक संथ चाल ते नवरी निघताना वाजवत, आणि कोरडेठाक सासरेही डोळे पुसत. पानं वाद्यावरच्या चिमट्यात मावत नव्हती, म्हणून राण्यांनी वरची पट्टी कापली होती.

परवा जुनी नोटेशनं जपणाऱ्या संस्थेतली ऋग्वेदा आली. पानं बघून हरखली.

"काका, रचना कुणाची? नाव वरच्या कडेला असतं."

राण्यांनी पानाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"सुरांना हात नाय लावला, बाय. वर नुसती इंग्रजी अक्षरं होती. जन्मभर त्याच्या चालीवर जेवलो, आणि कात्री त्याच्याच नावाला लावली."