अक्कांचा लाल मोर

ब्रह्मदेवाने जग घडवलं तेव्हा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या अक्का तिथे हजर असत्या, तर त्यांनी ते दोनदा तरी उसवायला लावलं असतं, याबद्दल मला शंका नाही. बारीक चुण्या घालून वर मणी जडवलेले बटवे अक्का शिवत, आणि एक चुणी तांदळाच्या दाण्याएवढी हलली तरी अख्खं काम उसवत. स्वतःचंच नव्हे, दुसऱ्याचंही. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीचा बटवा त्यांनी "बघू" म्हणून हातात घेतला आणि पानसुपारी होईतो सबंध उसवून ठेवला. पाहुणी रडकुंडीला आली. "रडतीस कशाला?" अक्का म्हणाल्या. "वाकडं घिऊन घरी गेली असतीस, तेच्यापरीस हे बरं हाय की." पुढे तोच बटवा असा देखणा होऊन परत गेला, की ती बाई मुद्दाम वाकडे बटवे घेऊन येऊ लागली.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. गड्ड्याच्या जत्रेत एका मडमेच्या मुलीच्या झग्यावर त्यांनी ती पाहिली. चुण्या एकाआड एक टाक्यांनी पकडलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उठलेली. अक्का सबंध जत्रा त्या झग्यामागे फिरल्या आणि देवदर्शन राहून गेलं. घरी येऊन जुन्या खणावर त्यांनी तीच जाळी उठवली आणि प्रत्येक सांध्यावर मणी बसवला, जो मडमेला सुचला नव्हता. शिवताना मणी गालात धरायच्या, त्यामुळे तेवढा वेळ त्यांच्याशी भांडण अशक्य होतं. चुण्या मात्र मनात कानडीत मोजायच्या. "मराठीत चुकत्यात," म्हणायच्या. मी तासन्‌तास समोर बसून त्या बोटांकडे बघत राही.

माझं लग्न करमाळ्याला ठरलं तेव्हा त्यांनी मला मोराचा बटवा कबूल केला. लाल मण्यांच्या जमिनीवर हिरवा मोर. तोवर त्यांची नजर अधू झाली होती. सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं, पण बोलायची छाती कुणाची? त्या सुई कुणाला ओवू देत नसत आणि रंग तर मुळीच विचारत नसत. "रंग इचारून शिवायचं म्हंजे मीठ इचारून सैंपाक करायचा." मण्यांच्या वाट्या देवळीत ठरल्या क्रमाने मांडलेल्या असत, तेवढ्यावर त्यांचं भागे. नेमका त्याच सुमाराला त्यांच्या घराला चुना मारला, वाट्या खाली उतरल्या आणि परत चढल्या त्या उलट्या क्रमाने.

पाठवणीच्या सकाळी अक्कांनी बटवा माझ्या हातात ठेवला. रिकामा देऊ नये म्हणून आत एक हळकुंड होतं. चुण्या इतक्या सारख्या, की माणसाच्या हाताचं काम वाटू नये. आणि हिरव्यागार जमिनीवर लालभडक मोर. आईने माझा कोपर दाबला. खरं सांगितलं असतं तर अक्कांनी तिथेच कात्री मागितली असती, आणि पुन्हा शिवायला त्यांच्याकडे डोळे उरले नव्हते.

"मोर हिरवा हाय न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. जन्मात पहिल्यांदा त्या कुणाला रंग विचारत होत्या.

"हिरवागार आहे, अक्का."

त्यांनी बोटांनी सबंध मोर चाचपला. "मग जा की सुखानं," म्हणाल्या.

करमाळ्यातल्या बायका तो बटवा पाहून थक्क झाल्या, आणि हौसेने स्वतःच्या बटव्यांवरही मोर लालच शिवू लागल्या. अक्का जाऊन आता किती वर्षं झाली, तरी त्यांची आठवण आली की मी तो बटवा काढून बसते. परवा नात विचारत होती, "आजी, लाल मोर कुठे असतो गं?"

"आमच्या सोलापुरात," मी म्हटलं, आणि बटवा तिच्या हाती दिला. आत हळकुंड होतंच.