रुचिताची इंटर्नशिप आणि मी

बोरीवलीच्या बाजारात मी चाळीस वर्षं मासळी विकते. एवढ्या वर्षांत मी एकदाच खोटं बोलले. (काल संध्याकाळची सुरमई आज सकाळची म्हणून विकणं हे खोटं नव्हे, तो धंदा आहे.) ते एक खोटं मी नातीसाठी बोलले आणि त्याची शिक्षा दोन महिने भोगली.

नातीचं नाव रुचिता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने सांगितलं, कुठल्यातरी कंपनीत दोन महिने इंटर्नशिप करा, तिथलं सर्टिफिकेट आणा, नाहीतर निकाल अडकेल. म्हणजे काम शिकायला जायचं आणि शिकल्याची चिठ्ठी आणायची. पोरीने मोबाइलवरून पन्नासेक ठिकाणी अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली, हिलाच नाही. मग ती जेवेनाशी झाली, तेव्हा मी घाबरले. भरलेलं पापलेट समोर असताना ही जेवत नाही, म्हणजे दुखणं मोठं.

"घरात बसून काय मिळणार? त्यांच्या दारात जाऊन उभी राहा," मी म्हटलं.

"आजी, तसं नसतं. सगळे अनुभव विचारतात."

"अनुभव घ्यायलाच जातेस ना?"

"त्यासाठी पण अनुभव लागतो."

हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना तरी कळलंय की नाही, देव जाणे.

शेवटी तिने अर्जात लिहून टाकलं, मासळीच्या व्यवसायात दोन वर्षांचा अनुभव. आता खरं सांगते. ही मुलगी माझ्या पाटीजवळ दोन मिनिटंसुद्धा बसलेली नाही. गोराईहून आम्ही एकाच बोटीने येतो, तर ही माझ्यापासून चार बाकं लांब बसते. ड्रेसला वास लागतो म्हणे. पण आठ दिवसांत एका कंपनीचा मेसेज आला. मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरपोच मासळी देणारी कंपनी, गोदाम अंधेरीला. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती : आधी जिथे काम केलंस तिथल्या मालकाचा नंबर.

तिने माझा दिला.

"आजी, ते फोन करतील. मी तुझी नात आहे हे बोलायचं नाही. मी तुझ्याकडे कामाला होते, बस."

"आणि काय काम करायचीस विचारलं तर?"

"तू काय करतेस तेच सांग ना."

फोन आला भर अकरा वाजता. समोर गिऱ्हाईक, माझ्या हातात कोयता.

"मॅडम, मी कुणाल बोलतोय." (मॅडम! चाळीस वर्षांत मला लोक मावशी म्हणाले, भाव ऐकून चोरही म्हणाले, मॅडम कुणी म्हणालं नव्हतं.) "रुचिता तुमच्याकडे नेमकं काय बघायची?"

"माल बघायची. कल्ले उघडून लाल आहेत का, डोळा वर आहे का आत गेलाय, पोट दाबलं तर बोट रुततं का. लांबून बघून सांगायची, ही मासळी किती दिवस बर्फात होती."

इथे थांबायला हवं होतं. पण मॅडम झाल्यावर जीभ आवरेना.

"पहाटे धक्क्यावर लिलावाला उभी राहायची. दलाल चळाचळा कापायचे. एकाने खराब हलवा गळ्यात मारला, तर हिने तोच हलवा त्याच्या तोंडावर मारला." (ती मी.)

कुणालने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आम्हाला अशीच मुलगी हवीय."

सोमवारी सकाळी रुचिता गोदामात गेली आणि अर्ध्या तासात तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, वाट लागली. मला वाटलं कॉम्प्युटरवर बसवतील. मला माल तपासायला उभी केलीय. हा कुठला मासा?"

"घोळ."

"आणि हा?"

"तोच. तू दुसऱ्या बाजूने दाखवतेयस."

झालं. त्या दिवसापासून माझा फोन वजनकाट्याला टेकून उभा आणि मी अंधेरीच्या गोदामात. "जवळ ने. कल्ला उघड. नाक सोड गं, त्या हाताने मासा धर. हा परत पाठव. तो चालेल." इकडे माझं गिऱ्हाईक ताटकळत उभं. पापलेट मागणाऱ्या बाईला मी मांदेली बांधून दिली. चांगली मासळी बर्फाखाली ठेवायची, तेही विसरले आणि दुपारपर्यंत ती उन्हात मऊ पडायला लागली.

एकदा फोनमध्ये मागून कुणालचं डोकं आलं. "कोण आहे?"

"जुन्या मॅडम, सर. खुशाली विचारतात."

"रोज?"

"त्यांना माझी फार आठवण येते."

मी डोळ्यांना पदर लावला. दुसरं काय करणार?

मग एक दिवस सावंतवहिनी दिसल्या. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण महिनाभर फिरकल्या नव्हत्या. हातात नुसती भाजी.

"काय वहिनी, मासे सोडले काय?"

"नाही हो मावशी. मुलगा मोबाइलवरून मागवतो. मी नाकं मुरडत होते, पण काय माल येतो म्हणून सांगू. एकदाही शिळा नाही. तिकडे कुणीतरी जाणकार माणूस बसवलंय बघा. आज सुरमई सांगितलीय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्याकडे हल्ली... रागावू नका, पण तुमचं लक्ष नसतं."

सर्टिफिकेट हातात पडायला चार दिवस राहिले होते. (पडलं. 'माल पारखण्यात तरबेज' असं त्यावर लिहिलंय.) एक शब्द बोलले असते तर पोरीचा निकाल अडकला असता. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले. तेवढ्यात फोन वाजला. मी वहिनींकडे पाठ फिरवली आणि त्यांच्या घरी जाणारी सुरमई पास केली.