मुका नावाडी

शिंपीणबाईंचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. दाराशी शिलाई मशीन, खिडकीखाली कापड बेतायचं टेबल आणि मागच्या दांडीवर अल्टरला आलेले लोकांचे कपडे. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, असं विचारणारी माणसं आता एक तर थकली होती, नाहीतर वारली होती.

धाकटी बहीण नर्स होती. तिला परदेशात नोकरी लागली, तेव्हा दुसरीतल्या मुलीला ती यांच्याकडे ठेवून गेली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे, ताई," म्हणाली होती. त्या वर्षाचं शेपूट वाढतच गेलं. ठेंगणीठुसकी म्हणून मुलीला सगळे ठमी म्हणत. पहिले काही दिवस ठमी दांडीवरच्या कपड्यांमागे जाऊन बसायची आणि हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही.

मग शाळेतून तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. राखबेटांच्या मालिकेतलं पहिलं. सावली हरवलेली एक मुलगी बेटामागून बेट पालथं घालते आणि एक मुका नावाडी तिला होडीतून नेतो, अशी ती गोष्ट. त्या वर्षी सगळ्या शाळेला तिचं वेड लागलं होतं. ठमीला त्या मुलीसारखा राखाडी झगा हवा होता. मावशीने उरल्यासुरल्या अस्तराचा शिवून दिला. आठवडाभरात वर्गातली निम्मी पोरं झग्यासाठी दारात उभी.

रविवारी खोली भरून जायची. मावशीचे हात कामात, म्हणून पोरं आळीपाळीने मोठ्याने वाचायची आणि ती मशीन चालवता चालवता ऐकायची. रंगात आलं की कोणीतरी ओरडायचं, "मावशी, पायडल थांबव ना, आता नावाडी काहीतरी करणारे."

"तो बोलणार आहे का?"

"मुका आहे तो, मावशी."

"मग मशीनच्या आवाजाने त्याचं काय बिघडतंय?"

गोष्टीतल्या मुलीचा घोडा मरतो तो भाग वाचला, त्या दिवशी सगळ्यांत दांडगा मुलगा डोळे पुसत म्हणाला, डोळ्यांत कापडाचं कुसळ गेलं. त्या दिवशी सगळ्यांच्याच डोळ्यांत कुसळ गेलं होतं. मावशीच्याही.

तिला मात्र नावाडीच आवडायचा. मुलीला किनाऱ्यावर सोडून तो होडीतच बसून राहतो, ती परत येईपर्यंत. तो तिथे काय खात असेल, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा पोरं पोट धरून हसली.

एकेक पुस्तक येत गेलं, पोरं उंच होत गेली. झगे आधी आखूड झाले, मग अंगात जाईनात. शेवटचं पुस्तक लांबत लांबत गेलं, आणि ते यायच्या आत ठमी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर गेली. मावशीला घर खायला उठायचं. संध्याकाळी ती भाजी सवयीने जास्त करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गरम करून खायची.

एक दिवस दोरे आणायला गेली असताना पुस्तकांच्या दुकानात तिला ते दिसलं. तिथूनच तिने फोन लावला.

"ठमे, शेवटचं आलंय गं."

"हो, कळलं. परीक्षा झाली की वाचीन."

"मग मला सांगशील ना?"

"तूच वाच की, मावशी. मी सांगितलं तर मजा काय राहिली?"

दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" ती हो म्हणाली.

मनातल्या मनात वाचून काही जमेना. ओळी डोळ्यांखालून जायच्या, पण गोष्ट मनात उतरायची नाही. शेवटी दुपारी दार लोटून ती मोठ्याने वाचू लागली. पँट न्यायला आलेला शेजारी बाहेरूनच म्हणाला, "पाहुणे आहेत का? मग नंतर येतो." तिने त्याला थांबवलं नाही.

वाचता वाचता शेवट आला. मुलीला सावली सापडली, राजवाड्यात सगळे जमले, मेलेल्या घोड्याचीही आठवण निघाली. नावाड्याचा मात्र पत्ताच नाही. मावशीने पानं उलटून पाहिली. मुलगी उतरली, होडी किनाऱ्याला होती, आणि पुढे त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. इतकी पुस्तकं वल्हं मारणाऱ्या माणसाला लिहिणारा चक्क विसरला होता. हे सांगायचं कोणाला? दांडगा मुलगा बापाच्या गॅरेजात लागला होता. रस्त्यात त्याला तिने थांबवून विचारलंही. तो लाजून म्हणाला, "ते सगळं सुटलं, मावशी."

सुट्टीत ठमी आली. जेवण झाल्यावर खाटेवर आडवी होत म्हणाली, "अर्धंच वाचलं गं मी. आता ते पोरकट वाटतं. काय झालं शेवटी?"

मावशीच्या हातात तुरपाई होती. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ठमी जरा वेळ हं हं करत होती, मग हुंकार थांबले. प्रवासाने दमली होती पोर, झोप लागली. मावशी हलक्या आवाजात सांगतच राहिली. सावली, राजवाडा, सगळे जमलेले. तिथे ती क्षणभर अडखळली आणि पुढे निघाली. "आणि मग मुलीच्या लक्षात आलं, नावाडी कुठाय? जेवण तसंच टाकून ती धावत किनाऱ्यावर गेली. तो होता तिथेच. ती म्हणाली, चल, आत चल, तुझं पान वाढलंय."

ठमीने डोळे न उघडता विचारलं, "खरंच आहे हे त्यात?"

"आहे."

"बरं झालं," म्हणून तिने कूस बदलली.

रविवारी ठमी गेली. पुस्तक नेतेस का विचारलं, तर म्हणाली, राहू दे इथेच, हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही. पुढच्या महिन्यात मावशीने दुकानासाठी रेडिओ घेतला. त्यावर बातम्या लागतात, गाणी लागतात, कुठल्या कुठल्या गावांचं हवामान सांगतात. ती ते सगळं ऐकते आणि पायडल मारते.