भरून देणारा कोतवाल

रिटायर व्हायला अकरा दिवस उरले आणि आमच्या सक्सेनासाहेबांचं बूड जमिनीला टेकेना. अंगणात येरझारा, गच्चीवर येरझारा. जेवायला बसले की अर्ध्या पोळीवर उठायचे. विचारलं तर म्हणायचे, "गुडघे मोकळे करतोय." छत्तीस वर्षं पोलिसाचा संसार केलेल्या बाईला ही थाप?

कारण मला ठाऊक होतं. कुलसूमखालांचं पानदान.

दोन वर्षांपूर्वी साहेब शेखूगंजच्या कोतवालीचे प्रमुख झाले. सगळं गाव त्यांना कोतवालसाहेब म्हणू लागलं, आणि मिशीला पीळ चढला. पहिल्याच आठवड्यात गावातल्या म्हाताऱ्या कुलसूमखालांकडे चोरी झाली. निकाहात मिळालेलं, झाकणावर पोपट असलेलं चांदीचं पानदान गेलं. साहेबांनी सराफा पालथा घातला, पार बरेलीपर्यंत माणसं धाडली. चोर काही सापडला नाही.

खाला दर गुरुवारी नातीचा हात धरून कोतवालीच्या ओट्यावर येऊन बसायच्या. "काय दरोगा, लागला पत्ता?"

दरोगा म्हणजे साधा फौजदार; एकदा साहेब चिडले. "खाला, मी कोतवाल आहे."

"तू? माझे खापरपणजोबा कोतवाल होते. कोट राखतो तो कोतवाल. बाजारातली वजनं तपासायची, मुसाफिरखान्यात कोण उतरलं ते लिहून घ्यायचं. आणि चोर सापडला नाही, तर गेलेली वस्तू घरून भरून द्यायची. मग इंग्रजांचे दरोगे आले. कोतवाल हे नाव तसंच ठेवलं, भरून देणं तेवढं सोडलं."

हे साहेबांनी घरी हसत हसत सांगितलं होतं. आता हसू येत नव्हतं. फेऱ्या मारताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या माझ्या पानदानाकडे जायची आणि चोरासारखी परत फिरायची. माझ्या आईचं ते, झाकणावर मोर असलेलं.

शेवटी मीच म्हटलं, "हवं असेल तर तोंडानं मागा."

"तुझ्या अम्माचं आहे, शामा. कुठल्या तोंडानं मागू?"

मला संताप आला. त्यांचा, खालांचा, त्या मेल्या चोराचा. माझ्या आईनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? दोन दिवस मी बोलले नाही. पण त्यांच्या त्या फेऱ्या बघवेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी पानदान राखेनं लखलखीत घासलं, पान, चुना, कात भरून चादरीत बांधलं आणि म्हटलं, "उठा, चला."

खाला घरी खाटेवर बसल्या होत्या, त्यांना आता दिसत नव्हतं. त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली. "माझ्या पानदानावर पोपट होता."

"यावर मोर आहे," साहेब म्हणाले.

"चोर सापडला?"

"नाही."

"मग कुठून आणलंस?"

"घरून."

खालांनी झाकण उघडून चाचपत पान काढलं, चुना लावला, कात लावला. विडा दुमडून पुढे केला.

"घ्या, कोतवालसाहेब."

साहेबांनी विडा घेतला आणि खाटेपाशी, वर्दीतच, जमिनीवर मांडी घालून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत बसले. मला रडू आलं. आईचा डबा गेल्याचं दुःख होतंच, आणि हे बसले म्हणून बरंही वाटत होतं.

"दुल्हन," खाला म्हणाल्या. मला नातू झाला तरी मी त्यांची दुल्हनच. "रोज संध्याकाळी इथं पान खायला यायचं."

जाते मी. म्हातारी चुना फार लावते, रोज जीभ भाजते.