दोन्हीकडे नंबर एकच

येवल्याच्या कारखान्यातला राउटर टनेल जोडल्याचा हिरवा दिवा दाखवत होता, आणि नाशिकच्या दुकानातली फाइल काही इथे उघडत नव्हती. शेजारी विणकर रमेशभाऊ हाताची घडी घालून उभे. मागावर ताणा चढलेला, पण पदराचं डिझाइन आल्याशिवाय धोटा हलणार नव्हता.

फोनवर दुकानाची मालकीण गीता. "काकू, टनेल झालं म्हणालात ना?"

"झालंय. पण त्यातून अजून कोणी जात नाहीये."

व्हीपीएन टनेल म्हणजे दोन राउटरनी परवलीचा शब्द जुळवून इंटरनेटच्या भर रस्त्याखालून काढलेली खासगी वाट. गीताला ती हवीच होती. मागचं डिझाइन तिने मोबाइलवर पाठवलं, ते फिरत फिरत दुसऱ्याच दुकानात पोचलं, आणि तिची पैठणी इथल्या मागावरून उतरायच्या आत तिकडे नक्कल लटकली.

"पुण्याचा एक जण म्हणतो, राउटरवर पोर्ट उघडा. दहा मिनिटांचं काम."

"म्हणजे मागचं दार सताड उघडं ठेवायचं. मी नाही करणार."

"चारपर्यंत थांबते. मग त्याला बोलावते."

"बोलव. त्याच्या हाताने चोर येऊ देत, माझ्या नाही."

मी पिंग केलं, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला 'आहेस का' अशी हाक मारली. उत्तर नाही. तेव्हा कुठे पत्ते पाहिले, जे सकाळी सगळ्यात आधी पाहायचे असतात. नाशिकचे सगळे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू. येवल्याचेही तेच. मग इथल्या कॉम्प्युटरला वाटतं, नाशिकचा पत्ता आपल्याच खोलीतला आहे. तो टनेलच्या तोंडाशीही जात नाही.

"कोणत्या गाढवाने केलंय हे?" मी म्हणाले.

रमेशभाऊंनी राउटर उलटा केला. खाली स्टिकर: 'सेटिंगला हात लावू नये.' त्याखाली झोकदार सही.

"काकू, तुमचीच हाय. तवापासून आम्ही फडकं बी मारलं नाय."

हा राउटर बसवला तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडची, खांद्याला लॅपटॉप, नाक वर. लक्षात ठेवायला सोपं म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच नंबर द्यायचे. त्याला 'माझी सिस्टिम' म्हणायचे, आणि ज्युनिअर पोरींना ती शिकवायचेसुद्धा.

फोनवर गीता खोकली. "काकू, म्हणजे…"

"म्हणजे गाढव मीच. तरी पोर्ट उघडणार नाही."

येवल्याचे पत्ते १९२.१६८.२० ने सुरू केले. मग प्रिंटर, कॅमेरा, कॉम्प्युटर, एकेकाला हाताने नवा नंबर. नाशिकच्या राउटरमध्ये तो बदल गीताकडून टाइप करून घेतला. ती दोनदा चुकली. मी नंबर पुन्हा सांगितला, गाढव न म्हणता.

चारला दहा कमी असताना पिंगला उत्तर आलं. पाठोपाठ पडद्यावर पदराचा मोर.

रमेशभाऊंनी निरखून पाहिला. "जरा लठ्ठच हाय," म्हणाले, आणि मागावर जाऊन बसले.

नव्यांना सांगते: कुलूप, परवली, टनेल सगळं नंतर. आधी दोन्हीकडचे पत्ते वेगळे आहेत का ते बघा. आणि स्टिकरवर सही करू नका.