हाज्जा तिब्राची इद्दत

हाज्जा तिब्राबद्दल वाळवंटातल्या आमच्या गदामिस गावात कुणालाही विचारा, "फार हट्टी बाई" म्हणून मोकळे होतात. अरे, होती हट्टी! पण तुमच्या आयांच्या लग्नात भिंती रंगवायला हीच हट्टी बाई लागायची ना? तांबड्या मातीत बोट बुडवून ती पांढऱ्या भिंतीवर त्रिकोण, चांदण्या, खजुराच्या फांद्या काढायची. पट्टी नाही, दोरी नाही, आणि रेघ अशी की बघत राहावं. जुन्या गावातल्या निम्म्या घरांत तिचा हात आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी ती छपरावरून घरात उतरायची, नवरीच्या होणाऱ्या सासूला दहा चुका दाखवायची आणि मगच कामाला लागायची.

छपरावरून म्हणते, कारण आम्ही बायका छपरांवरूनच जायचो-यायचो. खालच्या झाकलेल्या, गार बोळी पुरुषांच्या; वरचं सगळं राज्य आमचं. चूलही वरच. माझं आणि तिचं छप्पर एकाला एक लागून. मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले, ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी माझी रोटी हातात घेऊन म्हणाली, "झोहरा, ही खायची आहे की उंटाच्या खुराला ठोकायची?" मी रडले. संध्याकाळी तीच पीठ मळायला शिकवायला आली.

तिला मूल झालं नाही. सासूनं दुसऱ्या लग्नासाठी दोन मुली पाहूनही ठेवल्या होत्या. नवरा, हाजी कासिम, खजुराच्या बागेत राबणारा, मोजकं बोलणारा माणूस. आईला म्हणाला, "मला एकीशीच बोलायला सुचत नाही, दोघींशी काय बोलू?" झालं, विषय संपला. सवत काही आली नाही. तिब्रानं ही गोष्ट मला शंभरदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी चिडायची, "मेल्यानं एकदा तरी म्हणायचं की तुझ्यासाठी केलं!" डोळे मात्र भरून यायचे.

पुढे सरकारनं शेजारी नवं गाव बांधून दिलं. सिमेंटची घरं, नळ, एसी. आम्ही सगळे एकेक करून तिकडे गेलो. तिब्राही गेली, पण रोज सकाळी किल्ली घेऊन जुन्या घरी यायची, झाडायची, पडलेला चुना लावायची. मग परदेशी पाहुणे यायला लागले. कासिमचा पुतण्या तौफिक त्रिपोलीत शिकून आला होता, इटालियन, फ्रेंच फाडफाड बोलायचा. त्यानं काकाच्या गळी उतरवलं की घर बंद पडण्यापेक्षा लोकांनी बघितलेलं काय वाईट. कासिमनं मान हलवली. तिब्रानं एकच अट घातली, "कुब्ब्यात कुणी बसायचं नाही."

मोठ्या खोलीच्या कोपऱ्यातली ती मखरासारखी जागा म्हणजे कुब्बा. लग्नाच्या दिवशी नवरी तिथं बसते, नवरा पहिल्यांदा तिला तिथंच पाहतो. आणि तो मेला की ती पुन्हा तिथं बसते, इद्दतीचे चार महिने दहा दिवस. मधल्या सगळ्या आयुष्यात नाही.

"छे गं काकी, कुणाची बिशाद आहे!" तौफिक म्हणाला.

आणि मग त्यानं त्या कुब्ब्याचाच तमाशा केला. पाहुण्यांना घेऊन समोर उभा राहायचा, आवाज खाली आणून सांगायचा की बाई इथं जन्मात दोनदाच बसते. पाहुण्या बायका उसासे टाकायच्या. मला कसं माहीत? मी वर चुलीपाशी असायचे. त्या पाहुण्यांसाठी उंटाच्या मटणाचं कुसकुस कोण रांधत होतं? मीच. महिनाभरात माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एक गोरी बाई तिब्राची लग्नातली शाल पांघरून कुब्ब्यात बसलीय आणि तिचा नवरा फोटो काढतोय. मी तिब्राला सांगितलं नाही. घरी माझ्या हातात चार पैसे यायला लागले होते, मला ते बंद पडायला नको होतं. खोटं कशाला बोलू?

कासिम गेला तो ऐन खजूर उतरवायच्या दिवसांत. बागेत बसला तो उठलाच नाही. दुपारच्या नमाजनंतर माती झाली. घरी बायका जमल्या होत्या, तिब्रा म्हणाली, "मला जुन्या घरी न्या."

तौफिकचा चेहरा पडला. पाहुण्यांचा सगळा हंगाम तोच. म्हणाला, "काकी, इथंच बस ना. इथं एसी आहे, लोकांना गाडीनं येता येतं."

"माझं लग्न तुझ्या एसीशी लागलं होतं का रे?"

त्या तसल्या दिवशीही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग मीच तिचा हात धरला, पांढऱ्या कपड्यात तिला नेलं आणि कुब्ब्यात बसवलं. तिनं शेजारच्या भिंतीवरून हात फिरवला. तिचीच रेघ होती, स्वतःच्या लग्नासाठी वयाच्या पंधराव्या वर्षी काढलेली. म्हणाली, "इथं बसले होते तेव्हा पडद्याखालून मला त्याचे नुसते पाय दिसले. लटलट कापत होते गं. दुसरी आणली असती तर कुणी काय म्हणणार होतं? नाही आणली त्यानं. आता मीही पुरे चार महिने दहा दिवस इथून हलणार नाही."

नमाज आणि अंग धुणं सोडलं तर ती खरंच हलली नाही. आठ दिवस तौफिकनं कुणाला आणलं नाही. नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा.

"खाला, उद्या बावीस जण येतायत. त्यांना कधीचा शब्द दिलाय. तासभर काकीला वर घेऊन जा."

"ती उठायची नाही. आणि मी सांगणारही नाही."

"मग परके पुरुष तिला इद्दतीत बघतील. ते चालेल तुला? पाप कुणाला लागेल?" वर आणखी म्हणाला, "काकाला मूल नाही, शरियतनं बारा आणे घर आता माझं आहे. मी कुठं तिला काढतोय? एक तास, खाला. स्वयंपाक तर तूच करणारेस."

बघा कसा होता! धर्माची भीतीही तोच घालत होता आणि माणसंही तोच आणत होता. मला तेव्हा हे सुचलं नाही. मला वाटलं, आपलंच छप्पर, आपलाच जिना, तिला कुणी बघणार नाही, तासाभरात पुन्हा जागेवर बसवू. म्हणजे मी शहाणपणा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "हाज्जा, दिर्जहून कासिमची मावसबहीण आलीय. बिचारीच्या गुडघ्यांना जिना उतरवत नाही, वर बसलीय."

"फातिमा? एवढ्या लांब?" ती लगेच उठली. स्वतःच्या सांध्यांत जीव नव्हता तिच्या, एकेका पायरीला थांबत, भिंतीला धरून वर आली. छपरावर बघितलं तर कुणी नाही.

"कुठाय?"

"येईल. शेजारी गेलीय. तू चहा घे."

शेंगदाणे घातलेला चहा मी तिच्यापुढे ठेवला. तेवढ्यात खाली पावलं वाजली. मग तौफिकचा आवाज, तोच खाली आणलेला. तिब्राला इटालियन येत नव्हतं, पण मान तिरकी करून ऐकत राहिली. मग खाली एकदम मोठा हशा पिकला. मोठ्या खोलीत उजेड यायला आमच्या छपराला झरोका असतो. ती रांगत त्या झरोक्यापाशी गेली आणि खाली वाकली. मी धावले, पण तिनं बघायचं ते बघितलं होतं. कुब्ब्यात एक पुरुष बसला होता. जाडजूड, दाढीवाला. डोक्यावर तिची लग्नातली शाल, डोळ्यांना हात लावून विधवेसारखं रडायची नक्कल करत होता. बाकीचे फोटो काढत होते. तौफिक "नको, नको" म्हणत होता, पण हसतही होता.

ती ओरडली असती, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती झरोक्यापासून मागे सरकून बसली आणि शांतपणे म्हणाली, "फातिमा आली का?"

मी तिचा गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवा भरला.

पाहुणे जेवून गेले. मी म्हटलं, "हाज्जा, जागा धुऊन काढते. सगळं स्वच्छ करते, चल, पुन्हा बस."

"गाडी बोलाव. नव्या घरी जाते."

"अगं, पण..."

"एकदा उठले ते उठले."

राहिलेली इद्दत तिनं नव्या घरातल्या खजुराच्या पोत्यांच्या खोलीत काढली. एसीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तौफिक गावभर सांगत सुटला, "बघा, काकीलाही शेवटी तिकडेच आराम वाटला." मी रोज डबा पाठवायचे. डबा जसाच्या तसा परत यायचा. मी पाठवत राहिले.

आमच्यात जी बाई विधवेला बसवते तिनंच तिला शेवटच्या दिवशी उठवायचं असतं. न्हाऊ घालायचं, डोळ्यांत सुरमा घालायचा, नवे कपडे नेसवून हात धरून उन्हात न्यायचं. चार महिने दहा दिवस मी बोटांवर मोजले होते. मनाशी म्हणत होते, त्या दिवशी तरी तिला मला जवळ घ्यावंच लागेल. मी नवे कपडे घेतले, सुरमा घेतला आणि सकाळीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार तिनंच उघडलं. न्हाऊन बसली होती. एकटीच. केस अजून ओले होते. माझ्या हातातल्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू मला कधीच उठवलंस की गं, झोहरा," ती म्हणाली. "आता परत कशाला आलीस?"

दार लागलं. मी कपडे पायरीवर ठेवले आणि तशीच जुन्या घरी गेले. त्या दिवशी तीस पाहुणे जेवायला होते.